बाळाचा पोहण्याचा पहिला वर्ग, आणि आईलाच पोहता येत नाही

प्रश्न : केनेटकाठ

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो आणि आमची मुलगी येत्या आठवड्यात पाच महिने पूर्ण करील. घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर एक बंदिस्त तरणतलाव आहे. तेथे दर शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता वर्षाच्या आतल्या बाळांसाठी अर्ध्या तासाचा वर्ग भरतो आणि बाळाबरोबर आई किंवा वडील यांच्यापैकी एकाने पाण्यात उतरावे लागते. माझ्याबरोबर प्रसूतिपूर्व वर्गाला येणाऱ्या बहुतेक जणींनी बाळ दोन-तीन महिन्यांचे असतानाच हा वर्ग सुरू केला, त्यामुळे आपण मागे पडलो की काय, अशी चुटपुट मला लागून राहिली होती आणि त्या भरात मी दहा वर्गांचे पैसे एकदम भरून टाकले. पहिला वर्ग पुढच्या शनिवारी आहे.

अडचण अशी की सासूबाई सध्या वाईहून आलेल्या आहेत आणि त्यांना हा प्रकार मुळीच पटलेला नाही. बाळाची टाळू अजून भरलेली नाही, कानात पाणी जाऊन कान फुटेल, इतक्या लोकांनी वापरलेल्या पाण्यात उतरवून तिला पडसे-खोकला होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या वाद घालत नाहीत; फक्त सकाळी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना 'तुला घरचं पाणी कमी पडतंय का गं?' असे मला ऐकू येईल एवढ्या आवाजात तिलाच विचारतात. त्यांच्या सगळ्याच शंका निराधार आहेत असे मला वाटत नाही, म्हणून येथे विचारते आहे. इतक्या लहान वयात हे सुरक्षित आहे का? पाणी किती उबदार असावे? वर्गात बाळांना क्षणभर पाण्याखालीही नेतात असे ऐकले, ते कितपत योग्य? आणि या वयात बाळ खरोखर पोहायला शिकते का?

शेवटचा प्रश्न खरे तर पहिला आहे. मला पोहता येत नाही, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु छातीभर पाण्यात उभे राहिले की माझ्या पायांतले बळ जाते, हे मी कोणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला शनिवारी काम असते, म्हणजे बाळाला घेऊन पाण्यात मलाच उतरावे लागणार आहे.

उत्तर : लेस्टरची लेकुरवाळी

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सांगते, कारण माझीही हीच गत होती. बाळांचे वर्ग मोठ्या तलावात नव्हे, तर शेजारच्या लहान, शिकाऊ तलावात होतात आणि तेथील पाणी बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपास असते. तुम्ही वर्गात फारशा उभ्याही राहणार नाही. बाळाचा चेहरा आणि तुमचा चेहरा एका पातळीवर यावा म्हणून गुडघे वाकवून, खांदे पाण्यात बुडवून चालायला सांगतात. आईला पोहता यावे अशी अट मी नेलेल्या तीनही ठिकाणी नव्हती. तरीही मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात एक दिवस बाळाला घरी ठेवून एकटी त्या तलावात उतरून आले असते. पायऱ्या कोठे आहेत, कठड्याला धरायला दांडी आहे का, तळ निसरडा आहे का, खोली कोठून वाढते, हे बाळ हातात असताना शोधू नये.

पाण्याच्या तापमानाबद्दल संकोच न करता फोन करून विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या किंवा वजनाने लहान असलेल्या बाळासाठी येथे ३२ अंश सेल्सिअस आणि त्याहून मोठ्या बाळासाठी किमान ३० अंश अशी अपेक्षा धरतात. मोठ्या माणसांच्या तलावातील पाणी याहून दोन-तीन अंशांनी थंड असते आणि तो फरक आपल्याला जाणवत नसला तरी बाळाला बाधतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत. पुढे हळूहळू वीस मिनिटांपर्यंत जावे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाण्यात ठेवूच नये, असा सल्ला येथील परिचारिकेने मला दिला होता व तो मी दोन्ही मुलांच्या वेळी पाळला. ओठ निळसर दिसले, हनुवटी थरथरली किंवा बाळ एकाएकी गप्प झाले, तर शिक्षिकेच्या परवानगीची वाट न पाहता बाहेर या. पैसे भरले आहेत म्हणून उरलेली मिनिटे वसूल करण्याची आपली एक खास वृत्ती असते, ती काठावर ठेवून उतरावे.

आता तयारी. येथील बहुतेक तलावांवर दुहेरी लंगोटाचा नियम आहे: आत पाण्यात न फुगणारा पोहण्याचा लंगोट आणि त्यावर पोट-मांड्यांना घट्ट बसणारी निओप्रीनची (रबरासारख्या कापडाची) चड्डी. नेहमीचा डायपर पाण्यात टाकला तर तो पाणी शोषून बाळाच्या वजनाला स्पर्धा करू लागतो, हे मी अनुभवाने सांगते. बाळाचे पोट भरल्यावर लगेच उतरू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, नाहीतर दूध तलावात येते आणि मग सर्वांनाच बाहेर काढावे लागते. स्वतःचा पोहण्याचा पोशाख घरूनच कपड्यांच्या आत घालून जा, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीत एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने नाड्या असा प्रसंग येत नाही. कपाटाच्या कुलपासाठी एक पौंडाचे नाणे अनेक ठिकाणी लागते. छायाचित्रे काढण्यास बहुतेक तलावांवर मनाई असते, हे सासूबाईंना आधीच सांगा. माझ्या आईने प्रेक्षकांच्या सज्जातून हौसेने फोन काढला आणि शिट्टी वाजली.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. शनिवारी सकाळी तेल लावू नका. आमच्याकडे आजीने नेहमीप्रमाणे नारळाच्या तेलाने यथासांग मालिश करून नात माझ्या स्वाधीन केली आणि पाण्यात उतरताच ती माझ्या हातातून साबणाच्या वडीसारखी निसटू लागली. शिक्षिकेने आम्हा दोघींना परत पाठवून फवाऱ्याखाली धुऊन यायला लावले. मालिश आदल्या संध्याकाळी करावी किंवा पोहून आल्यावर.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. पाच महिन्यांनंतर सहसा अडचण नसते. लहान बाळाच्या आया हे वाचत असतील, तर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव पूर्ण थांबून सात दिवस झाल्याशिवाय आणि सिझेरियन झाले असल्यास सहा आठवड्यांची तपासणी झाल्याशिवाय त्यांनी तलावात उतरू नये.

पाण्याखाली नेण्याबद्दल मात्र भिऊ नका. बाळांना जन्मजात श्वास रोखता येतो. माझा थोरला चार महिन्यांचा असताना खाली गेला आणि हसत वर आला.

उत्तर : बाळगुटी

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. वरील उत्तरातील तयारीचा भाग उत्तम आहे. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

लहान बाळाचा चेहरा पाण्यात गेला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि घशाशी पाणी पोचले की श्वास क्षणभर थांबतो, हे खरे आहे. पोटावर धरून पाण्यात ठेवलेले नवजात बाळ हातपाय तालात हलवते, हेही खरे आहे. मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन संशोधिकेने १९३९ मध्ये त्याची नोंद केलेली आहे. परंतु तिनेच पुढे असेही नोंदवले की काही महिन्यांनी ही तालबद्ध हालचाल मोडते, बाळ पाण्यात धडपडू लागते, आणि हेतुपूर्वक केलेल्या हालचाली त्यानंतर बऱ्याच काळाने येतात. म्हणजे ज्याला आपण 'जन्मजात पोहणे' म्हणतो ती एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा तरंगण्याशी, डोके वर काढण्याशी किंवा काठ गाठण्याशी काहीही संबंध नाही. तुमची मुलगी पाच महिन्यांची आहे, म्हणजे नेमकी ती क्रिया ओसरण्याच्या काळात आहे.

दुसरे असे की श्वास थांबतो याचा अर्थ पाणी पोटात जात नाही असा नव्हे. बाळ पाणी गिळते. वारंवार बुड्या दिल्या आणि बरेच पाणी गिळले गेले, तर रक्तातील सोडियम पातळ होऊन बाळ मलूल होते, उलट्या करते आणि क्वचित त्याला झटकेही येतात. पोहण्याच्या वर्गानंतर असे घडल्याच्या नोंदी १९८० च्या दशकातील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा घटना फार थोड्या आहेत. परंतु बुडी देऊन काही लाभ होतो, असे दाखवता आलेले नसताना तो धोका पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. पहिल्या वर्गात तर 'आम्हाला पाण्याखाली जायचे नाही' असे शिक्षिकेला स्पष्ट सांगावे. चांगली शिक्षिका त्यावर वाद घालत नाही.

बाळ शिकते का, या प्रश्नाचे उत्तर वयानुसार बदलते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी २००० साली असे म्हणत होती की चौथ्या वाढदिवसापर्यंत मूल रीतसर पोहणे शिकण्याच्या तयारीचे नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते चार वर्षे वयाच्या, पोहण्याची शिकवणी घेतलेल्या मुलांमध्ये बुडून मृत्यू येण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. त्यातील मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे हा आकडा मुठीत घट्ट धरून ठेवण्याजोगा नाही. तरी त्यानंतर, २०१० मध्ये, अकादमीने आपली भूमिका सैल केली आणि २०१९ च्या निवेदनात अनेक मुलांनी पहिल्या वाढदिवसानंतर शिकण्यास सुरुवात करावी असे सुचवले. त्याच निवेदनात वर्षाच्या आतील बाळांच्या वर्गांमुळे बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही, असेही म्हटले आहे. तेव्हा तुमच्या मैत्रिणींची बाळे तुमच्या मुलीच्या पुढे गेलेली नाहीत. ती बाळे पाण्यात खेळली आहेत, तीही खेळेल.

सासूबाईंच्या शंकांपैकी एक अगदी रास्त आहे आणि ती म्हणजे थंडीची. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, म्हणून ते आपल्यापेक्षा फार लवकर गार पडते आणि आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणेही त्याला नीट जमत नाही. माझ्या मते खरा धोका पाण्यात असताना नसून बाहेर आल्यानंतरच्या पाच मिनिटांत आहे. डोक्यावर टोपी असलेले जाड दुपटे तलावाच्या अगदी काठावर ठेवा, खोलीत नव्हे. कानाबद्दल सांगायचे तर बाळांचे कान जे फुटतात ते पडद्याच्या आतल्या बाजूच्या संसर्गामुळे, आणि तो संसर्ग नाक-घशाकडून येतो. पडदा शाबूत असताना बाहेरचे पाणी आत पोचत नाही. टाळूवर पाणी पडल्याने काही होत नाही, हे तर रोज सकाळी स्वतः सासूबाईच सिद्ध करत आहेत. लसीकरण पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. बीसीजी इंग्लंडमध्ये सरसकट देत नाहीत. मात्र आईवडील किंवा आजीआजोबा क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मलेले असतील तर देतात, म्हणून आपल्या लोकांच्या बाळांना ती सहसा मिळालेली असते. त्या जागेची पुळी फुटून ओली असेल, तर ती सुकेपर्यंत थांबावे, असे मी सांगतो.

पाण्याच्या स्वच्छतेविषयीची शंकाही हसण्यावारी नेऊ नये. क्लोरीन बहुतेक जंतूंना मारते, परंतु जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभराहूनही अधिक काळ तग धरतो. कोणताही लंगोट पातळ जुलाब पूर्णपणे अडवत नाही. म्हणून बाळाला जुलाब होत असतील तर वर्ग चुकवणे, हे आपल्याइतकेच दुसऱ्यांच्या बाळांसाठीही असते. आणि जुलाब याच परजीवीमुळे झाल्याचे निदान झाले असेल, तर ते थांबल्यानंतरही दोन आठवडे तलावात जाऊ नये. तलावावर डोळ्यांना झोंबणारा तीव्र वास आला की लोक म्हणतात, 'क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ असणार.' वस्तुस्थिती उलट आहे. तो वास क्लोरीनचा घामाशी व लघवीशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. अशा ठिकाणाहून बाळाला घेऊन परत फिरावे.

गळ्याभोवती बांधायची हवेची कडी मिळतात, ती कोणी भेट दिली तरी वापरू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिलेला आहे.

शेवटी एक गोष्ट, जी प्रश्नात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. एवढी लहान मुले तरणतलावातच बुडतात असे नाही. ती घरातल्या आणि घराजवळच्या पाण्यात बुडतात. मी ज्या घरांत जातो तेथे न्हाणीघरात भरलेली बादली, पिंप किंवा टब हमखास असतो, कारण नळाला चोवीस तास पाणी नसते. रांगणारे बाळ बादलीच्या काठाला धरून उभे राहते, वाकते, आणि डोके शरीराच्या मानाने जड असल्यामुळे आत कलंडते. मग त्याला बाहेर येता येत नाही. त्यासाठी वीतभर पाणीही पुरते आणि आवाज होत नाही. तुमची मुलगी तीन-चार महिन्यांत रांगू लागेल. पुढच्या खेपेला भारतात याल तेव्हा, ती वर्गाला जाते म्हणून बादलीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

उत्तर : लेस्टरची लेकुरवाळी

डॉक्टर, बुडीबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य. माझा मुलगा हसत वर आला, हे मी लिहिले; धाकटी मात्र दोन वेळा ठसका लागून रडली आणि त्यानंतर आम्ही ते बंद केले, हे लिहायचे राहिले. हसलेले तेवढे लक्षात राहते. तरीही वर्गाला जाऊ नये असे मी म्हणणार नाही. बाळंतपणानंतरच्या त्या काळोख्या हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस घराबाहेर पडण्याचे तेवढेच एक निमित्त माझ्यापाशी होते. त्या अर्ध्या तासात बाळाला काय मिळाले ते मला माहीत नाही. मला काय मिळाले ते पक्के माहीत आहे.

उत्तर : माहुलीकर

मी वयाने तुमच्या सासूबाईंच्या पिढीचा आहे, म्हणून त्यांची बाजू घेण्याचा मोह होतो आहे, परंतु पूर्णपणे घेता येत नाही.

आम्ही साताऱ्याजवळच्या गावात विहिरीत पोहायला शिकलो. वय सहा-सात वर्षांचे, दिवस वैशाखाचे. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, चुलत्याने पायऱ्यांवरून ढकलून द्यायचे आणि हातपाय मारत कडेला यायचे, एवढाच आमचा वर्ग. कोणाच्या घरी बिंड्याऐवजी वाळलेले भोपळे असत, पुढे पत्र्याचे डबे आले. पंधरा दिवसांनी बिंडा सुटला की मूल पोहायला शिकले असे समजत. आम्ही शिकलो, हे खरे. पण आमच्याबरोबरचे दोघे त्या ढकलण्याने असे धास्तावले की साठी उलटली तरी त्यांनी पुन्हा पाण्याला पाय लावलेला नाही. त्यामुळे 'आमच्या वेळी असले चोचले नव्हते' असे म्हणण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही.

मला जे सुचवायचे आहे ते वेगळेच. गेल्या वर्षी मी मुलीकडे परदेशी असताना नातवाचा असाच वर्ग सज्जात बसून पाहिला. शिक्षिका बाळाचे नाव घेई, एक-दोन-तीन म्हणे आणि लहानशा पेल्याने त्याच्या डोक्यामागून पाणी सोडी. दोन-तीन आठवड्यांत बाळ आकडे ऐकताच डोळे मिटून घेऊ लागले आणि सगळ्या आयांना फार नवल वाटले. मला वाटले नाही, कारण माझी आई घरातल्या प्रत्येक बाळाला पाटावर बसून, पाय लांब करून, पालथे घालून न्हाऊ घालत असे आणि तांब्या ओतण्यापूर्वी दर वेळी तोच एक लांबलेला हुंकार देत असे. तो ऐकला की बाळ डोळे मिटी. तुमच्या सासूबाईही काहीतरी म्हणत असतीलच. त्यांना विचारा आणि तोच शब्द तलावावर वापरा. बाळाला इंग्रजी आकड्यांपेक्षा तो आधीपासून ठाऊक आहे, आणि सासूबाईंनाही कळेल की हे प्रकरण त्यांच्या न्हाणीघरापासून फार लांबचे नाही.

एक चौकशी. वाईच्या घाटावर वाढलेल्या तुमच्या सासूबाईंना स्वतःला पोहता येते का?

उत्तर : पाषाणवासी

हा धागा वाचून पुण्या-मुंबईतील आईवडील लगोलग निघतील, म्हणून येथील परिस्थिती सांगतो. आपल्याकडील बहुतेक तलाव उघड्यावरचे आणि पाणी न तापवणारे आहेत. मे महिन्यात दुपारी ते पाणी सुखद वाटते, पण डिसेंबरच्या सकाळी त्यात मोठी माणसेही दचकतात. बाळांसाठी तापवलेल्या पाण्याचे बंदिस्त तलाव मोठ्या शहरांत आता काही ठिकाणी आहेत. परंतु 'पाणी कोमट आहे' या उत्तरावर समाधान मानू नका, अंश विचारा. सोसायटीच्या तलावावर देखभाल करणाऱ्याची रोजची नोंदवही असायला हवी. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. वही नसेल किंवा महिनाभराचे आकडे एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेले दिसत असतील, तर काय समजायचे ते समजा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे काठावर उभे राहून सर्वांत खोल जागी तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते पाहणे.

आमचा स्वतःचा अनुभव फारसा चांगला नाही. आमचा मुलगा नऊ महिन्यांचा असताना एका खासगी वर्गाला नेला होता. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने आम्हाला न विचारता त्याला माझ्या हातातून घेतले आणि 'भीती मोडायची तर आत्ताच मोडायला हवी' असे म्हणून बुडी दिली. मुलगा वर आला तो आक्रोश करतच, आणि पुढचे तीन आठवडे घरातल्या टबातही बसेना. मी त्या वेळी गप्प राहिलो, ही त्यातली माझी चूक. प्रशिक्षकाला तज्ज्ञ समजून आपण आपले बाळ हातातून सोडतो. तुमच्याकडचे वर्ग अधिक नियमबद्ध असतीलही. तरी बाळ पहिल्या सत्रात दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही, एवढे घरून ठरवून जा.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे आणि गेल्या उन्हाळ्यात आपण होऊन पायरीवर बसून पाय हलवू लागला. आम्ही काही शिकवले नाही. फक्त दर रविवारी त्याला तेथे नेऊन बसवले.

केनेटकाठ (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. कालच पहिला वर्ग झाला, म्हणून लिहिते आहे.

लेकुरवाळीताईंचे ऐकून बुधवारी मी एकटी जाऊन आले. फोनवर तापमान विचारले तेव्हा समोरच्या मुलाने 'थांबा, बघून सांगतो' म्हणून खरोखर तलावापर्यंत जाऊन ३१ अंश असल्याचे सांगितले. शिकाऊ तलावाचे पाणी माझ्या बेंबीपर्यंत येते. पहिली दहा मिनिटे मी दांडी सोडली नाही. नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, असे आठ वेळा केले. पलीकडच्या पट्ट्यात एक आजोबा पोहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून काहीही विचारले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रात्री नवऱ्याला पायांतले बळ जाण्याबद्दल सांगितले. तो म्हणाला, 'मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, तू अलिबागला गुडघ्यांच्या पुढे आली नव्हतीस.'

माहुलीकर काका, तुमचा प्रश्न मी सासूबाईंना विचारला. त्या म्हणाल्या की कृष्णेच्या घाटावर त्या रोज धुणे धुवायला जात, त्यांचे दोन्ही भाऊ समोर सूर मारत, पण मुलींनी पायरीखाली उतरायचे नाही असा वडिलांचा दंडक होता. एवढे सांगून त्या थांबल्या आणि मग बराच वेळ लंगोटाची निओप्रीनची चड्डी उलटसुलट करून पाहत राहिल्या. न्हाऊ घालताना त्या 'हर गंगे भागीरथी' म्हणतात. हे माझ्या कानांवर रोज पडत होते, पण मी कधी ऐकलेच नव्हते.

शनिवारी आम्ही पाण्यात बारा मिनिटे होतो. वर्गात सात बाळे होती. शिक्षिकेला मी सुरुवातीलाच सांगितले की आम्ही पाण्याखाली जाणार नाही. ती 'अवश्य' एवढेच म्हणाली आणि पुढे गेली. मुलगी पहिली काही मिनिटे माझा खांदा घट्ट धरून होती. मग तिला छताच्या दिव्यांचे पाण्यातील प्रतिबिंब दिसले आणि तिने त्यावर हात आपटला. पाणी तोंडावर उडाल्यावर ती दचकली, विचारात पडली आणि पुन्हा आपटला. पेल्याने पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हा इतर जणी इंग्रजीत आकडे मोजत होत्या आणि मी हळूच 'हर गंगे' म्हणाले. तिने डोळे मिटले. शेजारच्या बाईने हे कोणते गाणे आहे असे विचारले. मी तिला एका नदीचे नाव आहे असे सांगितले, कारण पाण्यात उभे राहून त्याहून अधिक समजावणे शक्य नव्हते.

बाराव्या मिनिटाला तिची हनुवटी किंचित हलली, तशा आम्ही बाहेर आलो. सासूबाई सज्जात न थांबता, जोडे काढून, दुपटे दोन्ही हातांत पसरून काठावर येऊन उभ्या होत्या. तेथे येण्याची परवानगी त्यांनी कोणाकडून व कोणत्या भाषेत मिळवली, हे मला कळलेले नाही. घरी येऊन दूध पिऊन मुलगी तीन तास झोपली. पडसे अजून तरी नाही.

एक अडचण मात्र राहिली. चड्डी मांड्यांपाशी सैल पडली, आणि शिक्षिका म्हणाली की पुढच्या वेळी नीट बसणारी आणावी. वेष्टनावर तीन ते सहा महिने असे माप लिहिले होते, म्हणजे चूक कोठे झाली?

उत्तर : लेस्टरची लेकुरवाळी

वय पाहून घेऊ नका, वजन पाहून घ्या. आपली बाळे येथील मापांपेक्षा बहुधा एक आकडा लहान निघतात. मांडीच्या पट्टीत तुमचे एक बोट जेमतेम शिरेल इतकी घट्ट हवी. माझ्या धाकटीच्या दोन चड्ड्या घरी धूळ खात पडल्या आहेत. बाळाचे वजन कळवा, माप जुळले तर टपालाने पाठवते.